न ऐकलेल्या अकरा मिनिटांचा खुलासा

प्रिय शेंडेफळास,

अनेक आशीर्वाद. (स्वीकारणं ऐच्छिक आहे. नको असतील तर पाकिटातच राहू देत, जागा फारशी अडवत नाहीत.) तुझा उजवा गुडघा कसा आहे? जिने टाळतेस ना? मेहुण्यांचा खोकला गेला का, की त्यांनी अजून डॉक्टरलाच खोकल्याबद्दल चार गोष्टी शिकवायचा नाद सोडलेला नाही? इकडे मी ठीक. पाठ अधूनमधून आठवण करून देते, पण पुस्तकबांधणीच्या धंद्यात पस्तीस वर्षं वाकून काढल्यावर तिला तेवढा हक्क आहे. तुझी वहिनी मजेत आहे. ती स्वतः लिहिणार नाही म्हणाली, त्यामागचं कारण पुढे येईल.

पत्र हाताने लिहितोय, कारण फोन तू उचलत नाहीस. कॉम्प्युटरवरूनही लिहिता आलं असतं, पण या पत्रातला बराचसा मजकूर कॉम्प्युटरच्या तक्रारीचा आहे, आणि त्याच्याच देखत त्याच्याविषयी लिहिणं बरं दिसत नाही. विषय पूर्ण तांत्रिक आहे. तू त्या खात्यातली जाणकार, तेव्हा निदान तंत्र म्हणून वाच. भाऊ म्हणून वाचायचं की नाही ते शेवटी ठरव.

आधी भांडणाचं थोडक्यात सांगून टाकतो, म्हणजे मी ते टाळतोय असं तुला वाटायला नको. आईची विणकामाची वही तू मला बांधून द्यायला दिलीस. मी ती शिवली, पुठ्ठा घातला, कापड चढवलं, आणि हाताला सवय म्हणून कापणी यंत्रात घालून तिच्या तिन्ही धारा बोटभर कापून सरळ केल्या. समासात आईने बारीक अक्षरात काय काय लिहून ठेवलं होतं, ते त्या बोटभरात गेलं. मी ते पाहिलं नाही. (पुस्तक बांधणारा माणूस पुस्तक वाचत बसला तर उपाशी मरेल, हे माझं नेहमीचं वाक्य मी इथे वापरणार नाही.) तू फोनवर रडत होतीस, आणि मी काय बोललो, तर विणकाम तुला येतंच कुठे. हे वाक्य माझ्या तोंडून गेलं तेव्हा तुझी वहिनी समोर भाजी निवडत होती. तिने निवडायचं थांबवून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर मी लग्नानंतर एकदाच पाहिली होती, आणि तो प्रसंग मी इथे सांगणार नाही.

पुढचं तुला माहीत आहे असं तुला वाटतं. खरी गंमत तिथेच आहे. पंधरा दिवसांनी तू व्हिडिओ कॉलला कशीबशी तयार झालीस. मी त्या कॉलची तयारी लग्नघराला लाजवेल अशी केली. दुकान झाडलं, टेबलावरचा वाळलेला सरस खरवडला, तीन वर्षांपूर्वी तू दिलेल्या लॅपटॉपची कोपऱ्यात तडकलेली पाठ बरी दिसावी म्हणून त्याला गर्द तांबडं कापड चढवलं, दाढी केली, आणि इस्त्रीचा सदरा घातला. रविवारी दहाला तू पडद्यावर आलीस. तू बोललीस, मी ऐकलं. सगळं ऐकलं, शब्द न शब्द, आणि त्यातला एकही खोटा नव्हता. मग तू थांबलीस आणि मी सुरू झालो. अकरा मिनिटं बोललो. मी एवढा वेळ सलग कधी बोललेलो नाही, लग्न ठरवतानासुद्धा नाही. मध्ये कान धरले. मध्ये डोळे पुसले. कोपऱ्यात माझा म्हणून जो चौकोन असतो तो काळाच होता; दिवा जवळ ओढून पाहिला, तरी काळाच. आज नेट सुस्त असेल म्हटलं, आणि क्षमा मागताना आपलंच तोंड कशाला बघायचं. तू मध्ये तीनदा म्हणालीस, बोल ना. मला वाटलं, तू मला धीर देतेस. शेवटी म्हणालीस, ठीक आहे, आणि कॉल बंद केलास. मी वहिनीला सांगितलं, झालं, मिटलं. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो.

दुसऱ्या दिवशी तुझा निरोप आला: तुझं उत्तर मिळालं. मी खूश होऊन उलट लिहिलं: मनापासून होतं.

आज ते आठवलं की मला स्वतःलाच पुठ्ठ्यात घालून शिवून टाकावंसं वाटतं.

आठवडाभराने आमच्या शेजारच्या घड्याळजीने मला व्हिडिओ कॉल केला. तो भिंतीपलीकडे बसतो, भिंत फळ्यांची आहे, खाकरलं तरी ऐकू जातं. पण तू माझ्या लॅपटॉपवर घातलेल्या त्या सर्वांनी मिळून लिहिलेल्या, सगळ्यांना खुल्या सिस्टीमचा तोही भक्त आहे आणि ती वापरायला त्याला निमित्त पुरतं. तो म्हणाला, अहो, तुम्ही भिंतीतून ऐकू येताय, मशीनमधून नाही, आणि दिसत तर मुळीच नाही. मी त्याला विचारलं, तिकडे नक्की काय दिसतंय? तो म्हणाला, काळोख आणि शांतता. म्हणजे शेंडेफळा, तू अकरा मिनिटं काळोख आणि शांततेशी बोल ना, बोल ना करत होतीस, आणि त्यावर मी तुला मनापासून होतं असं कळवलं होतं.

लगोलग मी तुला लिहिलं की माईक बिघडला होता. त्यावर तुझं उत्तर मी पाठ केलंय: तीन वर्षं चाललेला माईक आणि कॅमेरा, दोन्ही, नेमके त्याच दिवशी? आणि ड्रायव्हरचं कारण सांगू नकोस, तो मी घातलाय. त्यानंतर तू फोन उचलणं बंद केलंस. तुझ्या जागी मी असतो तर मीही विश्वास ठेवला नसता. तुला कारण हवं होतं, आणि कारण माझ्याकडे नव्हतं. घड्याळजीचं दुकान रविवारी बंद, तेव्हा वहिनीनेच साक्ष द्यावी, ती दुकानामागच्या स्वयंपाकघरात सगळं ऐकत होती, तर ती म्हणते, तुम्हा भावाबहिणींच्या मध्ये मी पडणार नाही. मागच्या खेपेला पडले तर तुम्ही दोघं एक झालात आणि वाईट मी ठरले. हे खरं आहे. (ती असंही म्हणाली की अशी माफी तिच्याकडे एकतीस वर्षांत एकदाही आली नाही. त्याचा वेगळा हिशोब चालू आहे.)

तेव्हा बिघाड शोधणं भाग होतं. घड्याळजीने ही मोहीम आनंदाने अंगावर घेतली. त्याने मला समजावलं की यंत्रातल्या प्रत्येक भागाची बोली वेगळी असते आणि सिस्टीमला ती कळावी म्हणून मध्ये जो दुभाषी बसवतात तो ड्रायव्हर. दुभाषी रुसला की भाग असून नसल्यासारखा. मी म्हटलं, साधा दुसरा माईक आणून जोडला तर? तो दुखावला. म्हणाला, घड्याळ बंद पडलं म्हणून शेजाऱ्याला वेळ विचारत बसणं याला दुरुस्ती म्हणत नाहीत. शिवाय मला आवाज नको होता, कारण हवं होतं. मात्र तो स्वतः इकडे यायला तयार नव्हता. समोर उघडं घड्याळ असताना उठलं तर स्क्रू उडतात, असं त्याचं म्हणणं. तेव्हा तो त्याच्या दुकानात बसून माझ्या लॅपटॉपमध्ये शिरायचा आणि माझ्या पडद्यावर आपोआप अक्षरं उमटायची. मी समोर हात बांधून बसायचो, न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यासारखा.

दर थोड्या वेळाने ते यंत्र पासवर्ड मागायचं, तो मात्र मलाच टाइप करावा लागे. आता याबद्दल बोलतो. तू मशीन लावून दिलंस तेव्हा पासवर्डही तूच ठेवलास, आणि माझं लहानपणीचं ते नाव ठेवलंस, जे घरात कुणीही पुन्हा घ्यायचं नाही असं मी पंचवीस वर्षांपूर्वी जाहीर केलं होतं. या सहा आठवड्यांत मी निदान चारशे वेळा स्वतःला ढब्बू म्हणून घेतलंय. त्यातही त्या काळ्या खिडकीत पासवर्ड टाइप करताना काहीच उमटत नाही. ठिपका नाही, फुली नाही. मला आधी वाटलं कीबोर्डही गेला. घड्याळजी भिंतीतून म्हणाला, दिसत नसलं तरी ते घेतंय, तुम्ही शेवटपर्यंत लिहा. मी लिहीत गेलो. आपण बोलतोय आणि पलीकडे काही पोहोचतंय की नाही ते कळत नाही, ही अवस्था मला आता चांगलीच ओळखीची झाली होती.

पहिल्या आठवड्यात आवाजाच्या सगळ्या पट्ट्या वर-खाली करून झाल्या. चौदा पट्ट्या आहेत, त्यातल्या अकरा कशासाठी आहेत ते घड्याळजीलाही माहीत नाही. दुसऱ्या आठवड्यात यंत्राची हजेरी घेतली: कॅमेरा हजर, माईक हजर, दोघांचे ड्रायव्हर हजर, कुणाचीही तक्रार नाही. यंत्र पुन्हा पुन्हा सांगत होतं की सगळं ठीक आहे, आणि आम्ही दोघं पुन्हा पुन्हा त्याला खोटं पाडत होतो. घड्याळजी म्हणाला, हे फार हुशार झालंय, याचा गाभाच बदलू. सिस्टीमच्या या गाभ्याला कर्नल म्हणतात. जुना कर्नल घातला. त्याने आवाज ऐकू येणंही बंद झालं. नवा कर्नल घातला, तर आवाज आला पण वायफाय गेलं. वायफाय गेलं म्हणजे घड्याळजीलाही आत शिरता येईना. मग त्याने भिंतीतून आज्ञा सांगायच्या आणि मी टाइप करायच्या असं सुरू झालं. छोटी आडवी रेघ. नाही, दोन रेघा. आता जागा सोडा. जास्त सोडलीत. मी बहिऱ्यासारखा काय म्हणालात, काय म्हणालात करत होतो. शेवटी गजराचं घड्याळ घेऊन त्याच्याकडे आलेल्या एक बाई वैतागून माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, अहो, ते दोन रेघा म्हणतायत, आणि तिसरं अक्षर लहान काढा. त्यांच्या मदतीने वायफाय परत आलं. जाताना त्या म्हणाल्या की त्यांच्या जावयाने असंच कायसं घरी केलं होतं, तेव्हापासून तो त्यांच्याशी नीट बोलत नाही.

एवढ्या काळात दुकानात काम शून्य. पुस्तकांचे गठ्ठे तसेच, कापणी यंत्रावर धूळ, कातरणाचं पोतं आहे तिथे. वहिनी म्हणाली, ताईंच्या दारात जाऊन उभे राहिला असतात तर एव्हाना परत आला असतात. पण तू दार उघडलं नसतंस तर? फोन न उचलणं सहन होतं. दार न उघडणं मला सहन झालं नसतं, हे तिलाही मी बोललो नाही, तुला लिहितोय.

शेवटी घड्याळजीने मला या सिस्टीमच्या वापरकर्त्यांच्या चर्चेच्या पानावर पाठवलं, आपल्याच भाषेतलं आहे. तिथे अनोळखी माणसं एकमेकांचे बिघाड विनामूल्य सोडवतात, यावर माझा विश्वास बसत नव्हता. मी रीतसर लिहिलं: सप्रेम नमस्कार, आपण सर्व कुशल असाल, माझा माईक आणि कॅमेरा गेला आहे, त्यामुळे बहीण बोलत नाही. पहिलं उत्तर आलं की नमस्कार नको, यंत्राची नोंदवही चिकटवा. चिकटवली, सातशे ओळी. दुसऱ्याने कळवलं की मी सिस्टीमच चुकीच्या जातीची घेतली. तिसऱ्याने त्याला चुकीचा ठरवलं. मग ते दोघं तीन पानं एकमेकांशी भांडले आणि मला विसरून गेले. मी दर दोन दिवसांनी मध्येच खोकल्यासारखं लिहायचो, की माझी बहीण अजून बोलत नाही. मग एका शांत माणसाने, किंवा बाईने, नाव फक्त मुंगी असं होतं, विचारलं: तुमच्या कॅमेऱ्यावर झाकण आहे का?

आता सांग, बांधणीवाल्याला असं विचारल्यावर तो काय करील? मी अभिमानाने लिहिलं की कॅमेऱ्यावरच काय, सबंध लॅपटॉपलाच आवरण आहे, अस्सल बांधणीचं कापड, स्वतःच्या हाताने चढवलेलं, कडा आत बोटभर दुमडून सफाईने बसवलेल्या, आणि पाठीवर सोनेरी अक्षरांत शेंडेफळाकडून भेट असं छापलेलं. सोबत वहिनीच्या फोनवर काढलेले दोन फोटो जोडले, एक बाहेरून, एक आतून. त्या दोन भांडणाऱ्यांनीही भांडण थांबवून काम छान आहे म्हणून लिहिलं. अर्ध्या तासाने मुंगीचं उत्तर आलं: फार सुंदर बांधणी आहे. कॅमेरा कुठे आहे?

मी तीन वर्षं तुझ्याशी त्या यंत्रावर बोललो, पण कॅमेरा कुठे असतो ते मला कधी पाहावंच लागलं नाही. मी तुझ्या तोंडाकडे बघायचो, छिद्राकडे नाही. कापड चढवताना पडद्याच्या वरच्या पट्टीत बारीक भोकं दिसली होती खरी. ती मी सरसाने बुजवून घेतली. भोक दिसलं की बुजवायचं, हे या हातांना कुणी सांगावं लागत नाही. त्यावर दुमड ओढून दाबून बसवली, आणि एवढं करून खूश झालो. (तू पलीकडून लॅपटॉपची बाहेरची बाजू पाहूच शकत नव्हतीस, ही गोष्ट वहिनीने नंतर लक्षात आणून दिली.) चाकूने पट्टी उचलली, कापूस ओला करून सरस सोडवला, शिवायची बारीक सुई वापरून माईकचं तोंड मोकळं केलं. कॅमेऱ्याचा दिवा लागला आणि पडद्यावर एक म्हातारा आला. बराच वेळ तो आणि मी एकमेकांकडे पाहत राहिलो. भिंतीपलीकडून घड्याळजी ओरडला, ऐकू येतंय. मग थोडं थांबून म्हणाला, नाक पुसा.

तर तांत्रिक निष्कर्ष असा की ड्रायव्हर निर्दोष होता. तू घातलेलं सगळं शाबूत होतं. यंत्र पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतं. बिघाड मी होतो, तोच जो आईच्या वहीला भेटला होता, बोटभर. हे तुला कळवणं गरजेचं वाटलं. बाकी क्षेमकुशल. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा भाऊ
(सहीऐवजी तू ठेवलेला पासवर्ड वाचावा)

ता. क. सोबतचा जाड लखोटा सांभाळून उघड, पंखा बंद कर. सहा आठवडे दुकान बंद पडल्यामुळे कातरणाचं पोतं रद्दीवाल्याकडे गेलंच नाही. आईच्या वहीच्या पट्ट्या यंत्रातून पडल्या तशाच थप्पीने मिळाल्या, क्रमवार. अठ्ठ्याऐंशी पानांपैकी सत्त्याऐंशी. बाराव्या पानाची नाही. तिने मी बहुधा सरसाचा ब्रश पुसला. त्याला क्षमा नाही, मी मागतही नाही.

ता. क. दुसरा: मी या खेपेला वाचल्या. प्रत्येक स्वेटरपुढे तुझी मापं आहेत, सालागणिक, खांदा, बाही, आणि पुढे शेरे. मोठी झाली. रडली, पण घातला. एकतिसाव्या पट्टीवर लिहिलंय: ढब्बूचा निळा उसवून केला, त्याला सांगू नये. तो निळा स्वेटर मी एक अख्खा हिवाळा शोधला होता आणि हरवला म्हणून मारही खाल्ला होता. तेव्हा आता तुझ्याकडूनही मला काही बोलणं येणं आहे. माझा स्पीकर कधीच बिघडलेला नव्हता.

ता. क. तिसरा: रविवारी दहाला मी लॅपटॉपसमोर बसेन. ती अकरा मिनिटं इथे लिहिली नाहीत, ती लिहायची नाहीत. उचललंस तर पुन्हा बोलेन. नाही उचललंस तर पुढच्या रविवारी बसेन.

(वहिनीकडून, यांना न विचारता: मी मध्ये पडत नाहीये. पण ते खरंच बोलले होते. मी गॅस बंद करून ऐकलं.)

ता. क. शेवटचा: वहीच्या पट्ट्या पानांना जोडता येतात, पातळ कागद लावून, मला जमेल. तू समोर बसून क्रम सांगितलास तर. आणि या पत्राच्या कागदाच्या धारा फाटक्या, वेड्यावाकड्या आहेत, हे मला दिसतंय. कापल्या नाहीत.